नैसर्गिक रंगांची ईस्टर अंडी: कोबी, कांद्याची सालं, हळद आणि कवचातला चुना

मोरपिशी (धागाकर्ती)

ईस्टर जवळ आला की वेगवेगळ्या धाग्यांवर तेच प्रश्न फिरत राहतात. कोबीचं पाणी जांभळं, मग अंडं निळं कसं? बीटाचं गुलाबी अंडं दुसऱ्या दिवशी मातकट का दिसतं? पालकाचा हिरवा चढत का नाही? उत्तरं एका जागी सापडावीत म्हणून हा धागा. तयार रंगांच्या पुड्या इथे नकोत. स्वयंपाकघरात आणि बागेत मिळणाऱ्या वस्तूंबद्दलच बोलू.

अंड्याच्या कवचाचा सुमारे ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेट असतो. थोडक्यात, आपण चुनखडी रंगवत असतो. एवढं ध्यानात ठेवलं की पुढची निम्मी कोडी आपोआप सुटतात. व्हिनेगर घातलं की कवचाचा वरचा थर किंचित विरघळतो, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि रंगाला धरायला जागा मिळते. जास्त झालं तर तोच थर सुटून येतो आणि त्याच्यासोबत रंगही जातो. म्हणून प्रमाण महत्त्वाचं. गाळलेल्या एक लिटर रंगाला २ ते ३ मोठे चमचे (३० ते ४५ मिली) पांढरं व्हिनेगर. किराणा दुकानात मिळणारं ४ टक्क्यांचं सिंथेटिक व्हिनेगर चालतं.

अंडी: पांढऱ्या कवचाची घ्या. गावरान अंड्यांवर कांदा आणि चहा झकास बसतात, पण निळा हिरवट-राखाडी होतो. अगदी ताजी अंडी टाळा. ताज्या अंड्याचं साल पांढऱ्याला चिकटून राहतं आणि सोलताना खड्डे पडतात. आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेली उत्तम. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, गार पाण्यात घालून गॅसवर चढवा, पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बंद करून झाकण ठेवा. १२ मिनिटांनी गार पाण्यात काढा. पुसून झाल्यावर व्हिनेगरच्या पाण्यात (एक वाटी पाण्याला एक छोटा चमचा) बुडवलेल्या फडक्याने प्रत्येक अंडं पुसून घ्या. बोटांचा तेलकटपणा राहिला तर त्या जागी रंग धरत नाही आणि नेमका अंगठ्याचा ठसा उमटतो.

निळा: जांभळा कोबी, अर्धा किलो, जाडसर चिरून, एक लिटर पाण्यात, झाकण ठेवून मंद आचेवर ३० मिनिटं. मलमलच्या दुहेरी कापडातून गाळा, पूर्ण गार करा, मग व्हिनेगर घाला. व्हिनेगर पडताच पाणी गुलाबी-किरमिजी होईल, घाबरू नका. अर्ध्या तासात फिकट आकाशी, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तर गडद निळा.

तांबूस, विटकरी: कांद्याची सुकी सालं दाबून भरलेल्या ४ वाट्या, एक लिटर पाणी, ३० मिनिटं उकळ. हा रंग पटकन चढतो. कोमट पाण्यात १५ मिनिटांत केशरी, तासाभरात विटकरी.

पिवळा: हळद ३ मोठे चमचे, एक लिटर पाणी, १५ मिनिटं उकळ. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, गाळ खाली बसतो आणि अंड्यावर ठिपके पडतात. त्यामुळे दोनदा गाळा. अर्धा तास पुरतो.

हिरवा: पालक विसरा. पानातलं हरितद्रव्य पाण्यात उतरतच नाही, जे दिसतं ते फिकट गवती पाणी. आधी हळदीत अर्धा तास, सुकवून मग कोबीत ५ ते २० मिनिटं. पाच मिनिटांत पोपटी, वीस मिनिटांत गर्द हिरवा.

तपकिरी: चहाची पूड ३ मोठे चमचे अर्धा लिटर पाण्यात, १० मिनिटं उकळून.

भांडं स्टीलचं किंवा एनॅमलचं. ॲल्युमिनियम आणि बिनकल्हईचं पितळ-तांबं नको, व्हिनेगर त्यांच्याशी भांडतं.

बीटाबद्दल खाली लिहिते, त्याचं प्रकरण वेगळं आहे.

टवाळ_बोका

धागा भारी. एक शंका: कोबीच्या पाण्यात व्हिनेगर घालून ते गुलाबी करायचं आणि अंडं निळं निघायचं, हे उलटं नाही का? मग व्हिनेगर कशाला घालायचं?

शास्त्रीबुवा

उलटं दिसतं, पण नाही. कोबीच्या जांभळ्या द्रव्याला अँथोसायनिन म्हणतात. आम्लात ते लाल-गुलाबी, मधल्या पातळीवर जांभळं, अल्कलीत (चुना, सोडा अशा आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थांत) निळं आणि त्याहून पुढे हिरवट. पातेल्यातलं पाणी व्हिनेगरमुळे आम्लधर्मी असलं तरी कवचाला चिकटलेला रंग चुन्याला टेकलेला असतो. तिथलं आम्ल चुना लगेच मारतो आणि रंग निळ्याकडे सरकतो. म्हणून बाहेर काढताना अंडं मळकट जांभळं दिसतं आणि सुकताना डोळ्यांदेखत निळं होत जातं. या टप्प्यावर "बिघडलं" म्हणून पुन्हा पातेल्यात टाकू नका.

व्हिनेगरशिवायही निळा येतो, पण फिकट आणि असमान. उलट व्हिनेगर दुप्पट केलं तर कवचावर बारीक बुडबुडे येत राहतात. तो कार्बन डायऑक्साइड. जिथे बुडबुडा चिकटून बसतो तिथे पांढरा ठिपका राहतो. पहिल्या दहा मिनिटांत चमच्याने अंडी दोनतीनदा हलक्या हाताने फिरवा, बुडबुडे सुटतात. तळाला टेकलेल्या बाजूला पडणारा फिकट गोलही त्यानेच टळतो.

सुगरणपक्षी

मोरपिशीताई, बीटाचं लिहाच. सगळीकडे "गुलाबी रंगासाठी बीट उकळा" असंच सांगतात आणि प्रत्यक्षात अंडं चहाच्या डागासारखं दिसतं.

मोरपिशी

कारण बीट उकळतात. बीटाचा रंग (बीटालेन) उष्णतेने मोडतो आणि तपकिरीकडे जातो. कच्चं बीट वापरा. ३०० ग्रॅम बीट किसून एक वाटी गार पाण्यात दहा मिनिटं भिजवा, पिळून गाळा, एक मोठा चमचा व्हिनेगर घाला आणि अंडी त्यात बुडवून थेट फ्रिजमध्ये, रात्रभर. भडक राणी रंग येणार नाही. कोमेजलेल्या गुलाबाच्या पाकळीसारखा येतो, आणि तोच त्याचा खरा रंग. उन्हात किंवा उघड्यावर ठेवला तर दोनतीन दिवसांत मातकट होतोच. बीटाची अंडी सर्वांत शेवटी, आदल्या रात्री करा.

अथेन्सवासी

ग्रीसमध्ये अंडी एकाच रंगाची, लाल. तीही पवित्र गुरुवारीच (ईस्टरच्या रविवारआधीचा गुरुवार) रंगवायची. इथल्या ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या) चर्चचा ईस्टर वेगळ्या पंचांगाने येतो. २०२६ मध्ये पाश्चात्त्य चर्चचा ५ एप्रिलला आणि ऑर्थोडॉक्स १२ एप्रिलला, म्हणजे इथे रंगवायचा दिवस ९ एप्रिल.

इथली घरगुती पद्धत धागाकर्तीने दिलेल्या पद्धतीपेक्षा थोडी वेगळी आहे. अंडी आधी उकडत नाहीत, रंगातच शिजवतात. १५ पिवळ्या कांद्यांची सालं, सव्वा लिटर पाणी, ३ मोठे चमचे व्हिनेगर. अर्धा तास उकळून गाळायचं आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. मग १२ कच्ची अंडी एका थरात लावून मंद आचेवर चढवायची. उकळी फुटण्याच्या बेतात आली की आच अजून कमी करून १२ ते १५ मिनिटं. रंग हवा तेवढा चढला नसेल तर पातेलं गार करून अंड्यांसकट फ्रिजमध्ये दोनतीन तास.

गरम रंगात गार अंडं टाकलं की ते तडकतं आणि रंग आत शिरून पांढऱ्यावर नकाशा उमटतो. आणि रंग गडद करायच्या नादात अर्धा तास उकळत ठेवलं तर बलकाभोवती हिरवट-राखाडी कडं येतं. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन ते तयार होतं. खायला अपाय नाही, दिसायला वाईट. म्हणून गडदपणा आचेने नाही, वेळेने मिळवायचा.

खोल लाल हवा तर तपकिरी कवचाची अंडी घ्या. पांढऱ्यावर कांदा केशरी-विटकरीच्या पुढे जात नाही, तपकिरीवर तोच रंग डाळिंबी वाटतो.

सुकल्यावर कापसाच्या बोळ्याने ऑलिव्ह तेलाचं बोट फिरवायचं. रंग एक छटा गडद होतो आणि चमक येते. ओलं असताना तेल लावलं तर चट्टे.

कांदेपोहे_आणि_चहा

पिवळे कांदे आपल्याकडे कुठे मिळायचे? नाशिकचा लाल कांदा चालेल का? आणि अलिबागचा पांढरा?

मोरपिशी

लाल चालतो, फक्त छटा वेगळी येते. पिवळ्या कांद्याच्या सालात मुख्य रंगद्रव्य क्वेर्सेटिन, त्याने सोनेरी-केशरी येतं. लाल कांद्याच्या सालात त्याच्या जोडीला कोबीतलंच अँथोसायनिन असतं, म्हणून रंग तांबूस-तपकिरी, कधी जांभळट झाक असलेला. व्हिनेगर कमी पडलं तर हिरवट-करडा होतो. शेवटी चुनाच तो.

अलिबागच्या पांढऱ्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालं, खायला त्याच्यासारखा कांदा नाही, पण सालात रंगच नाही. इथे तो निरुपयोगी.

मार्च-एप्रिलमध्ये निघणारा उन्हाळ कांदा सर्वांत चांगला. साल कडक, सुकी, गडद आणि सहज सुटणारी. ओलसर सालं किंवा काळी बुरशी धरलेली सालं घेऊ नका. भाजीवाल्याच्या पाटीच्या तळाशी नुसत्या सालांचा ढीग असतो. मागितलात तर फुकट मिळतो. पण आणल्यावर धुऊन घ्या, माती बरीच असते.

वसईचा_वारा

विषय निघालाच आहे तर आपल्याकडचं सांगतो. वसईत, वांद्र्यात किंवा गोव्यात खऱ्या अंड्यांवर रंगकाम करायची पद्धत फारशी नाही. इकडे ईस्टर एग म्हणजे मार्झिपान: काजूच्या किंवा बदामाच्या वाटणाचं, अर्ध्या अंड्याच्या साच्यात दाबून केलेलं, दोन अर्धुकं जोडून वर साखरेच्या आयसिंगची नक्षी. बेकऱ्यांत ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात हीच अंडी मांडलेली दिसतात.

घरी करायचं तर काजू २५० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, एका अंड्याचं पांढरं, दोन छोटे चमचे गुलाबपाणी. काजू फ्रिजमध्ये गार करून थांबत थांबत फिरवा. सलग फिरवले की तेल सुटतं आणि गोळा शेवटपर्यंत चिकट राहतो. सगळं जाड बुडाच्या पातेल्यात एकत्र करून मंद आचेवर, कडा सोडेपर्यंत ढवळा. चिमूटभर मिश्रण बोटांत वळून बघायचं: गोळी झाली आणि बोटाला चिकटली नाही की उतरवा. त्यापुढे गेलं तर गार झाल्यावर चुरा होतो. साच्याला पिठीसाखर भुरभुरवून, गोळा कोमट असतानाच दाबा.

प्रश्न असा की यात कोबीचा निळा घालता येईल का? पिवळा हळदीने जमतो, पण निळ्याला तयार रंगच वापरावा लागतो.

शास्त्रीबुवा

तसाच घातला तर जांभळा-करडा येईल. मार्झिपानमध्ये चुना नाही, निळ्याकडे ओढणारं कोणी नाही. कोबीचं पाणी (व्हिनेगर न घालता) आटवून एक चतुर्थांश करा आणि त्यात खायचा सोडा सुईच्या टोकावर मावेल इतका इतका घालत जा. रंग झपकन निळ्यावर येतो, त्याच क्षणी थांबायचं. एक कण जास्त झाला की हिरवट आणि साबणासारखी चव. शिवाय हे पाणी थेंबाथेंबाने, गार गोळ्यात मळा, नाहीतर मार्झिपान सैल पडतं.

याच कारणाने हळदीच्या भांड्यात सोडा पडू देऊ नका. हळद अल्कलीत लाल होते, कुंकू त्याच तत्त्वावर बनतं. हळदीचं अंडं साबणाच्या हाताने उचललं तर बोटांचे लालसर डाग उमटतात ते यामुळेच.

टवाळ_बोका

म्हणजे हळदीच्या पिवळ्या अंड्यावर सोड्याच्या पाण्याने काडीने लिहिलं तर लाल अक्षरं?

शास्त्रीबुवा

हो, उमटतील. पाव वाटी पाण्यात एक छोटा चमचा धुण्याचा सोडा घेतला तर ठळक, पण मग ते अंडं शोभेचं. खायच्या अंड्यावर खायचा सोडाच वापरा, अक्षरं फिकट नारिंगी येतील. आणि लाल फार टिकत नाही, हवेत हळूहळू पिवळ्याकडे परततो. लिंबाच्या रसाने कोबीच्या निळ्या अंड्यावर लिहिलं तर उलट प्रकार: रंग धुऊन निघतो आणि पांढरी रेघ राहते.

आमसूल

नावाला जागून विचारते: कोकमाचं आगळ? रंग तर काय सुरेख असतो. आणि अंबाडीच्या लाल बोंडांचं पाणी?

मोरपिशी

दोन्ही फार आंबट. आगळात अंडं ठेवलं की फसफसतं, कवचाचा वरचा थर पिठासारखा सुटतो आणि बोट लावताच रंग निघून येतो. रात्रभर विसरलात तर साल पातळ होऊन अंडं मऊ लागतं. आगळात बहुधा मीठही असतं.

अंबाडीची सुकी बोंडं मात्र जमवून घेता येतात. अर्धी वाटी बोंडं एक लिटर पाण्यात, व्हिनेगर अजिबात नाही, अंडं १० ते १५ मिनिटंच. काढल्यावर पुसायचं नाही. लाल पाण्यातून राखाडी-निळसर अंडं निघतं, त्यावर खडबडीत ठिपके असतात. ते आवडणारे लोक आहेत. गुळगुळीत रंग हवा असेल तर या वाटेला जाऊ नका.

निळ्याला खरा पर्याय गोकर्ण. सुकी फुलं २ मोठे चमचे, अर्धा लिटर कडक गरम पाणी, २० मिनिटं मुरवून गाळा, व्हिनेगर एक छोटा चमचा. कोबीपेक्षा स्वच्छ निळा आणि उग्र वासही नाही. जांभळा कोबी सगळ्या बाजारांत मिळत नाही, गोकर्ण कुंपणावर सापडते.

नेचे_आणि_शेवाळ

पानांच्या नक्षीबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. लिथुआनिया, लाटव्हियाकडे कांद्याच्या सालांसोबत पानं, तांदळाचे दाणे बांधून अंडी रंगवतात. इंग्लंडच्या उत्तर भागातही अंडी कांद्याच्या सालात गुंडाळून उकडायची जुनी रीत आहे.

पान निवडताना दोन गोष्टी: पातळ हवं आणि कडा स्पष्ट हव्यात. कोथिंबीर, मेथी, गाजराचा पाला, नेचाचं टोक, शेवग्याचं डहाळं उत्तम. कढीपत्ता जाड आणि मेणचट, अंड्याच्या गोलाईवर बसत नाही, कडेने रंग आत झिरपतो. चिंचेचा पाला आंबट, नको.

पान दहा मिनिटं पाण्यात भिजवून नरम करा. उलटी बाजू (शिरांची) कवचाला लावा. चिकटत नसेल तर अंड्याच्या पांढऱ्याचं बोट. त्यावर जुन्या नायलॉनच्या स्टॉकिंगचा १०-१२ सेंटिमीटरचा तुकडा ओढून मागच्या बाजूला पीळ देऊन दोऱ्याने करकचून बांधा. एवढं ताणलं पाहिजे की पानाखाली हवा राहणार नाही. सुती कापड बांधलं तर तेच रंग पिऊन पानाच्या कडेपर्यंत नेतं आणि नक्षी धूसर होते. स्टॉकिंग नसेल तर बारीक जाळीचं नायलॉन कापड.

यासाठी कांद्याचाच रंग घ्या. झटकन चढतो, त्यामुळे पानाखाली झिरपायला वेळ मिळत नाही. कोबीत रात्रभर ठेवलेलं पान सकाळी चिकट लगदा होतं. काढताना अंडं आधी सुकू द्या, मग दोरा कापा. ओल्यावर ओढलं की पान सरकतं आणि रंगाची रेघ उमटते.

तुकडेदार संगमरवरी रंग हवा तर पानाची गरज नाही. ओल्या अंड्याभोवती कोरडी सालं आणि मूठभर तांदूळ लावून कापडात घट्ट बांधा आणि साध्या पाण्यात १५ मिनिटं शिजवा. साल जिथे टेकली तिथे गडद, तांदळाच्या जागी फिकट.

सुगरणपक्षी

वा! आणि मेणाची नक्षी? युक्रेनी अंडी बघितली की हात शिवशिवतात.

कीव_ते_कोथरूड

त्याला पिसांका म्हणतात. २०२४ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत ही कला आली, युक्रेन आणि एस्टोनिया या दोन देशांच्या नावे. युक्रेनमधल्या कोलोमिया शहरात तिचं वस्तुसंग्रहालय आहे, इमारतीचा एक भाग चक्क प्रचंड अंड्याच्या आकाराचा.

तंत्र बाटिकचंच. कच्च्या अंड्यावर वितळलेल्या मधमाश्यांच्या मेणाने बारीक नळीच्या लेखणीने (किस्तका) रेघा ओढायच्या. जे पांढरं राहायला हवं ते आधी मेणाने झाकायचं, मग पिवळ्यात बुडवायचं, जे पिवळं राहायला हवं ते झाकायचं, मग केशरी, लाल, शेवटी काळा. म्हणजे फिकटाकडून गडदाकडे, मागे फिरायची सोय नाही. शेवटी अंडं मेणबत्तीच्या बाजूला धरून (वर धरलं तर काजळी) मेण वितळवून पुसायचं.

नैसर्गिक रंगात हे करताना लोक एका ठिकाणी हमखास चुकतात: रंग कोमट असतो. मधमाश्यांचं मेण सुमारे ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडून कडा सोडायला लागतं. रंग खोलीच्या तापमानाला आणा, बोट बुडवलं तर गार वाटलं पाहिजे. याच कारणाने इथे अंडं उकडायचा प्रश्नच येत नाही. आणि व्हिनेगरच्या रंगात फार वेळ ठेवलं तर मेणाखालचं कवच उंच आणि बाजूचं खोलगट राहतं. काही जण मुद्दाम तसं कोरीव कामही करतात.

पोरांसाठी सोपा पर्याय: पांढऱ्या मेणखडूने कोमट (गरम नाही) उकडलेल्या अंड्यावर नाव लिहायचं आणि हळदीत किंवा गोकर्णात बुडवायचं.

कच्ची अंडी वर्षानुवर्षं ठेवायची तर पोकळ करा, पण रंगवून झाल्यावर. पोकळ कवच रंगात तरंगतं आणि अर्धं पांढरं राहतं. दोन्ही टोकांना जाड सुईने भोक, रुंद टोकाचं थोडं मोठं, आत सुई फिरवून बलक फोडा आणि रबरी फुग्याच्या पिचकारीने हवा दाबा. तोंडाने फुंकू नका, कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा आजार करणारा जंतू असू शकतो. आतून पाण्याने विसळून दोन दिवस उलटं वाळत ठेवा. आत ओल राहिली की वास मारतो.

आमसूल

मंजिष्ठाची पावडर काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. लाल रंगाला चालेल का? आणि पळसाची फुलं?

अथेन्सवासी

मंजिष्ठाची चुलत बहीण (ग्रीकमध्ये रिझारी) इथे कांद्याच्या जोडीने जुन्या काळापासून वापरतात. तिच्या रंगाला चुना लागतोच, म्हणून कवचावर छान बसतो. फक्त नियम उलटे: रंगात व्हिनेगर नाही, आम्लाने लाल पिवळट होतो. अंडं आधी व्हिनेगरच्या पाण्याने पुसून, साध्या पाण्याने धुऊन मग रंगात. पाणी ७० अंशांच्या वर नेऊ नका, तपकिरी उतरायला लागतं. पण हे शोभेच्या पोकळ कवचांनाच. या कुळातल्या मुळांत पोटात जाऊ नयेत अशी द्रव्यं असतात आणि कवचाला बारीक छिद्रं असतात.

मोरपिशी

पळसाचा रंग आम्लात पिवळा आणि चुन्याच्या निवळीने केशरी होतो, धुळवडीचा रंग तसाच करतात. अंड्यावर हळदीची बरोबरी करत नाही. फुलं गोळा झालीच असतील तर करून बघा, मुद्दाम शोधत फिरू नका.

जाता जाता: "नैसर्गिक" म्हणजे "खाण्यायोग्य" असं समजू नका. कण्हेर, धोत्रा यांच्या वाटेला जायचं नाही. खायच्या अंड्याला खायच्याच वस्तूंचा रंग.

पुणेरी_पाटी

रंगवलेली अंडी किती दिवस टिकतात? सोसायटीत मुलांसाठी अंडी लपवायचा खेळ ठेवायचा विचार आहे.

मोरपिशी

फ्रिजमध्ये, न सोललेली, आठवडाभर. बाहेर जास्तीत जास्त दोन तास, आणि तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. एप्रिलमध्ये आपल्याकडे सकाळी दहालाच तेवढं असतं. अंडं उकडताना कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं, त्यामुळे ते कच्च्या अंड्यापेक्षा लवकर खराब होतं. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं.

लपवायच्या खेळाला पोकळ कवचं किंवा लाकडी अंडी वापरा. खरी वापरायचीच असतील तर ती खाण्यात धरू नका. मोजून लपवा आणि मोजून गोळा करा, कुंडीमागे राहिलेलं एक अंडं चार दिवसांनी सगळ्या मजल्याला कळतं.

अथेन्सवासी

खेळ म्हणून ग्रीक पद्धत बरी, लपवालपवी नाही. शनिवारी मध्यरात्रीच्या प्रार्थनेनंतर घरी जेवायच्या टेबलावर प्रत्येकाने एक लाल अंडं घ्यायचं. एक जण "ख्रिस्तोस आनेस्ती" (ख्रिस्त उठला आहे) म्हणतो, समोरचा "अलिथोस आनेस्ती" (खरोखर उठला आहे), आणि अंड्यावर अंडं आपटायचं. फुटलं तो बाद, शेवटपर्यंत न फुटलेल्याचं वर्ष चांगलं जाणार. निमुळतं टोक जास्त मजबूत, आणि मूठ अशी वळायची की टोकाचा रुपयाएवढाच भाग उघडा राहील. व्हिनेगरमध्ये जास्त राहिलेलं अंडं या खेळात पहिल्याच फटक्याला जातं.

ईस्टरआधीच्या चाळीस-पन्नास दिवसांच्या उपवासात अंडी वर्ज्य असतात, कोंबड्या मात्र घालायच्या थांबत नाहीत. साठलेल्या अंड्यांचं काय करायचं, यातून ईस्टर आणि अंडी ही जोडी घट्ट झाली. धार्मिक अर्थ आहेच: लाल म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, कवच म्हणजे कबर.

वसईचा_वारा

पोलंडमध्ये शनिवारी टोपलीत अंडी, पाव, मीठ, सॉसेज घेऊन चर्चमध्ये आशीर्वादाला जातात आणि रविवारी सकाळी त्यातलं एक अंडं कापून घरातल्या प्रत्येकाला फोड देतात. सोमवारी एकमेकांवर पाणी ओततात, म्हणजे त्यांची रंगपंचमीच, बिनरंगाची. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल.

सुगरणपक्षी

शेवटचा प्रश्न. बुधवारी कोबी उकळला, अंडी शनिवारी करायची. पाणी टिकेल? आणि एका रंगात किती अंडी निघतात?

मोरपिशी

व्हिनेगर न घालता, गाळून, काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये आठवडाभर. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं तर महिनोन्महिने, लागतील तेवढे ठोकळे काढायचे. व्हिनेगर वापरायच्या वेळीच घाला.

एक लिटरमध्ये सहा ते आठ अंडी गडद होतात. दुसरी खेप फिकट येते, कारण रंगही संपतो आणि पहिल्या अंड्यांच्या चुन्याने आम्लही मरतं. दुसऱ्या खेपेला एक मोठा चमचा व्हिनेगर आणि दुप्पट वेळ. पाणी निळं पडलेलं दिसलं तर आम्ल संपलं असं समजा. हळदीचं आणि कांद्याचं पाणी तेवढं नखरेल नाही, तीन खेपा सहज देतं.

सुकवताना अंडी ताटात ठेवू नका, खाली चिकटून डाग पडतो. जाड पुठ्ठ्यात टाचण्या टोचून त्यांच्या डोक्यांवर ठेवा किंवा अंड्यांचा कागदी ट्रे उलटा करून त्याच्या टोकांवर. कोबीचा रंग ओला असताना नखानेही निघतो, दोन तास हात लावू नका.